टाकीतलं घुंगरू

आमच्या जीपच्या टाकीत अडकलेली नळी शेवटी निघाली, तेव्हा ती घालणारे आबा राहिले नव्हते. हे आधीच सांगून टाकते. शेवटापर्यंत ताणून धरणाऱ्या माणसांचा मला राग येतो, आणि आमच्या घरात तसंही कुणाला काही धरून ठेवायची सवय नव्हती. आबांना तर मुळीच नाही.

आबा म्हणजे माझे वडील. त्यांच्या पोटात काही राहायचं नाही. आमटीत मीठ कमी असलं तर पहिला घास गिळायच्या आत बोलणार. कुणाची मुलगी पाहायला पाहुणे येऊन गेले की दुसऱ्या दिवशी ते पिरंगुटपर्यंतच्या सगळ्या रस्त्याला ठाऊक. त्यांना गुपित सांगायचं म्हणजे दवंडी द्यायची, असं आई म्हणायची, आणि तरी प्रत्येक गोष्ट आधी त्यांनाच सांगायची.

मुठा खोऱ्यात आमचं गाव. तिथं आबांची जुनी, डिझेलवरची जीप होती. त्याआधी बैलजोडी होती. पण नांगरटीला, चिखलणीला भाड्याचा ट्रॅक्टर यायला लागला, बैल नुसते वैरण खाऊन उभे राहायला लागले, तेव्हा आबांनी जोडी बाजारात नेली आणि पुढं काही महिन्यांनी जीप आणली. गावातून माणसं भरायची, उरवड्याला कारखान्यांपाशी निम्मी उतरवायची, उरलेली पिरंगुटला. मीही तेव्हा उरवड्याला एका कारखान्यात पॅकिंगला जायचे. सख्ख्या बापाची जीप, पण मला कायम मागं, फाळक्याजवळ. पुढची जागा गिऱ्हाइकाची.

जनावर विकलं तरी त्याचं दावं आणि गळ्यातलं घुंगरू द्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. दावं गेलं की गोठा ओस पडतो म्हणतात. आमचा गोठा दावी ठेवूनही ओसच पडला, पण रीत म्हणजे रीत. बैलांच्या गळ्यात रोजच्याला एकेकच पितळी घुंगरू असायचं, आवळ्याएवढं. उजव्या बैलाचं आईनं देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला अडकवलं. डाव्याचं आबांनी खिशात टाकलं आणि बरेच दिवस खिशातच बाळगलं. डावा त्यांचा लाडका होता. तो कुणी घेतला आणि पुढं त्याचं काय झालं हे आबांना ठाऊक असावं, कारण सगळं बोलणारे आबा बाजारच्या त्या दिवसाबद्दल फार बोलायचे नाहीत.

मग त्या घुंगराला काम मिळालं. नदीवर आमचं पाण्याचं इंजिन होतं. वीज असली की मोटर चालायची, नसली की हे डिझेलचं इंजिन. वीज बहुधा नसायचीच. डिझेलचा पंप लांब, पिरंगुटला. म्हणून आबा तिकडून येताना जीपची टाकी भरून आणायचे आणि घरी नळी लावून त्यातलं थोडं डब्यात काढायचे. नळी म्हणजे साधी प्लॅस्टिकची पाइप. एक टोक टाकीत, दुसरं तोंडात. श्वासानं ओढायचं, डिझेल ओठांशी आलं की झटकन टोक डब्यात सोडायचं. मग ते आपोआप वाहत राहतं. गावात निम्म्या घरांत हेच चालायचं. पण आबांची नळी वेगळी होती. प्लॅस्टिकची पाइप डिझेलवर तरंगते, तळाशी जात नाही, म्हणून त्यांनी टोकाशी तारेनं ते घुंगरू बांधलं. वजनानं नळी खाली जायची, आणि तळाला टेकली की आतून बारीक आवाज यायचा.

"डावा पान्यावर गेला," आबा म्हणायचे. बैलांना पाण्यावर नेताना ते हेच म्हणायचे.

तर ती नळी अडकली त्या वर्षी गहू ओंबीत होता. पाण्याची पाळी चुकली असती तर दाणा भरला नसता, आणि वीज आदल्या दिवसापासून गेलेली. सकाळीच आबांनी नळी काढली. टाकीत डिझेल कमी होतं, जीप अंगणाच्या उतारावर उभी, त्यामुळे होतं तेवढं पलीकडच्या कोपऱ्यात गोळा झालेलं. आबांनी नळी नेहमीपेक्षा जास्त आत सारली. टाकीच्या मधोमध एक आडवा पत्रा असतो, डिझेल हिंदकळू नये म्हणून. त्याला भोकं असतात. घुंगरू त्यातल्या एका भोकातून पलीकडं गेलं आणि आडवं झालं. हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं की आबा ओढताहेत आणि नळीतून कधी हवा येतेय, कधी थेंब. ते चिडले. नळी बाहेर ओढून पाहिली, येईना. मग तोंडात धरून छातीतला सगळा जोर लावला, आणि एकदम तोंडभर आलं. नेमका त्याच क्षणी त्यांना ठसका लागला.

ते खाली बसले. खोकत राहिले. डोळे लाल, नाकातून पाणी, अंगाला डिझेलचा वास. शेजारची काकू धावत आली आणि म्हणाली, पोटात गेलंय, ओकारी काढा आधी. आमच्याकडं पिढ्यानपिढ्या हेच करतात. कुणी काही भलतं प्यायलं की मिठाचं पाणी पाजायचं. आईनं तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ कालवलं आणि पाजलं. आबांना भडभडून ओकारी झाली. सगळ्यांना बरं वाटलं, की चला, निघालं. दुपारपर्यंत आबांना धाप लागली.

मोठा भाऊ, आम्ही त्याला दादा म्हणतो, जीप काढायला गेला तर नळी टाकीतून लोंबत होती. ती काढत बसायला वेळ नव्हता. त्यानं ती वेटोळी करून बाजूच्या दांडीला सुतळीनं बांधली आणि तशीच जीप हाणली. पिरंगुटच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावून ऐकलं आणि पुण्याला न्या म्हणाले. भूगावजवळ जीपमागच्या एका मोटारवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला दाखवलं, की तुमच्या टाकीतून काहीतरी लोंबतंय. दादानं त्याला हात जोडले.

पुण्याच्या दवाखान्यात डॉक्टरीण बाई तरुण होत्या. काय झालं ते त्यांनी विचारलं, आईनं सगळं सांगितलं, मिठाच्या पाण्यासकट. बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. पोटात गेलेलं डिझेल एवढं वाईट नसतं, म्हणाल्या, वाईट असतं ते छातीत गेलेलं. आणि ओकारी काढली की ते वर येताना पुन्हा छातीत उतरतं. "मीठ-पाणी कुणी पाजायला सांगितलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, आईला निदान रडता आलं असतं. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी राहिली आणि म्हणाली, "मीच पाजलं."

मला अजूनही त्या बाईंचा राग येतो. त्यांचं काही चुकलं नव्हतं, तरी येतो.

आबांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क लागला. बोललं की धाप लागायची, म्हणून बोलू नका असं सांगितलं होतं. पण आबांना गप्प करणं मास्कच्या हातातलं काम नव्हतं. मास्क उचलून त्यांनी पहिलं काय विचारलं, तर "नळी निगाली का?"

आम्हाला वाटलं, वेळ जायला म्हणून विचारताहेत. पण दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मिठाच्या पाण्याबद्दल एक अक्षर नाही, गव्हाबद्दल एकदाच. नळीबद्दल मात्र कुणीही भेटायला गेलं की विचारणार. त्यांना भीती होती की दादा नळी तोडून मोकळा होईल आणि घुंगरू टाकीत पडून राहील. "तोडू नगासा," ते म्हणायचे. "डावा आत ऱ्हाईल." मग खोकला यायचा आणि नर्स आम्हाला बाहेर काढायची.

आईनं ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून तिला दुसरं काही दिसेना. डॉक्टर काय म्हणतात हे ती दादाला विचारायची आणि उत्तर ऐकून न घेता म्हणायची, नळीचं काय झालं. मला तेव्हा वाटलं, हिचं डोकं फिरलं की काय. आता कळतं. तिनं जे पाजलं होतं ते परत घेता येत नव्हतं. टाकीत अडकलेलं निदान बाहेर काढता येईल, असं तिला वाटत होतं.

पण ते येईना. दादानं ओढून पाहिलं, काकानं ओढून पाहिलं, दोघांनी मिळून ओढलं. नळी रबरासारखी लांबायची आणि सोडली की पुन्हा आत जायची. काकानं तोंडापाशी साबणाचं पाणी सोडलं. कुणीतरी नळीच्या आतून जाड तार घालायला सांगितलं, ती तारही आत अडकता अडकता वाचली. जो येईल तो आधी एक हिसका मारून बघायचा. आमच्या गावात एखादी वस्तू अडकली की ती प्रत्येकाला एकदा ओढावीच लागते, त्याशिवाय सल्ला देता येत नाही. पिरंगुटच्या मेकॅनिकनं तर पाय टायरला लावून ओढलं आणि पाठीवर पडला. उठून अंग झटकत म्हणाला की टाकी खाली उतरवावी लागेल, बोल्ट गंजलेत, जीप चार-पाच दिवस इथं सोडा. नाहीतर नळी मुळापासून तोडा, घुंगरू काय, पडलं राहील आत, त्याला काय चारा लागतोय का.

जीप सोडणं शक्य नव्हतं. जेवणाचा डबा घेऊन रोज पुण्याला जायला तीच होती. दादा म्हणाला, तोडतो. आईनं त्याच्या हातातला विळा काढून घेतला.

"त्यांनी नगं म्हनलंय," ती म्हणाली. "मी येकदा न इचारता केलं. आता न्हाई."

त्यानंतर आम्ही नळीसकट फिरलो. डिझेल कमी असलं की खड्ड्यात आतून घुंगरू वाजायचं. उरवड्याचा घाट उतरताना तर बैलगाडीत बसल्यासारखं वाटायचं.

आबा उतरत चालले. आधी मास्क काढून पूर्ण वाक्य बोलायचे, मग अर्धं, मग नुसतं "नळी?" डॉक्टरीण बाईंनी दादाला बाजूला घेऊन सांगितलं की आता दिवस मोजायचे. दादानं ते मला सांगितलं. आईला कुणी सांगितलं नाही, पण तिला कळलं असणार. दुसऱ्या दिवशी सकाळी ती देव्हाऱ्यापाशी गेली आणि खिळ्यावरचं घुंगरू तिनं काढलं. उजव्या बैलाचं.

मी चुलीपाशी होते. तिनं मला बोलावलं नाही की काही सांगितलं नाही. इंजिनच्या डब्यात तळाला थोडं डिझेल होतं, त्यात तिनं घुंगरू बुडवलं, फडक्यानं पुसलं, पुन्हा बुडवलं. इतकी वर्षं हळदी-कुंकवाच्या वासात राहिलेलं ते, त्याला डिझेलचा वास लागेपर्यंत तिनं घासलं. मग तारेचा तुकडा शोधून त्याच्या कडीत ओवला आणि पिळला. तार नवी दिसते म्हणून चुलीतली राख लावून ती काळी केली. एवढा बारीक विचार आईनं आयुष्यात दुसऱ्या कुठल्या खोटेपणासाठी केलेला मी पाहिला नाही.

मी तिला अडवलं नाही, आणि त्याचं मला आजही काही वाटत नाही. मरणाऱ्या माणसाला खरं सांगून कुणाचं भलं होतं ते मला कुणी समजावून सांगावं.

पुण्याला जाताना ते तिच्या मुठीत होतं. चांदणी चौकाच्या उतारावर टाकीतलं घुंगरू वाजलं, तशी तिनं मूठ घट्ट केली.

आबांचे डोळे मिटलेले होते. आई वाकून म्हणाली, "अवो, निगाली नळी. न तोडता निगाली. ह्ये बगा."

त्यांनी डोळे उघडले. घुंगरू हातात घेतलं. मास्क जरासा उचलून नाकाशी नेलं, वास घेतला. मग हात हळूहळू कानापाशी नेला आणि हलवलं, अगदी थोडं. आबांनी ते आणखी एकदा हलवलं, आईकडं पाहिलं, आणि मास्कच्या आतून म्हणाले, "बरं झालं. लई बरं झालं."

आईच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी तजेला पाहिला. तिनं त्यांचे पाय चेपले, कपाळावरून हात फिरवला, गहू कसा भरलाय ते सांगितलं. मग तांब्या घेऊन पाणी आणायला बाहेर गेली.

ती दाराबाहेर पडल्यावर आबांनी मला बोटानं जवळ बोलावलं. मास्क बाजूला केला. मी नको म्हणाले, त्यांनी ऐकलं नाही.

"ह्ये उजव्याचं हाय," ते म्हणाले. मग थांबून श्वास गोळा केला. "डाव्याचं आतच हाय, व्हय?"

मी मानेनंच हो म्हणाले.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "तिला बोलू नगं. लई जीव लावून आनलंय तिनं."

पाणी घेऊन आई आली तेव्हा मास्क जागेवर होता आणि घुंगरू उशाला. त्यानंतर आबांनी नळीबद्दल कुणालाही विचारलं नाही. काका आला, दादा आला, गावचे दोघे-तिघे येऊन गेले. सांगायला एवढं मोठं होतं आणि ऐकायला माणसं होती, तरी ते काही बोलले नाहीत. आई प्रत्येकाला सांगायची, की बघा, नळी निघाल्याचं कळल्यापासून कसे शांत झालेत. दोन दिवसांनी पहाटे ते गेले.

तेराव्यानंतर दादानं आणि काकानं जीपची टाकी अंगणात उतरवली. गंजलेले बोल्ट लोखंडाच्या करवतीनं कापले. उरलेलं डिझेल काढून टाकीत पाणी भरलं, आणि दोघांनी ती उचलून तोंडाच्या बाजूला कलती केली. कुणी ओढलं नाही, हिसका मारला नाही. टाकी नुसती वळली, पाण्याबरोबर घुंगरू मागं सरलं, भोकातून सरळ झालं आणि नळीसकट सरसरत बाहेर आलं. इतक्या सहज, की दादानं चिडून टाकीला लाथ मारली आणि मग गोठ्याच्या भिंतीकडं तोंड करून रडला. ओढत होतो तोवर आम्हीच ते घट्ट करत होतो.

आईनं तार सोडवली. घुंगरू साबणानं धुतलं, पुसलं. आबांच्या सामानातून दवाखान्यातलं दुसरं घुंगरू परत आलं होतं, तेही आणलं. दोन्ही एकाच खिळ्याला लावायची म्हणून ती चुलीपुढं बसून दोऱ्यात ओवत होती. मी भाकरी करत होते. ओवताना एक वाजलं. थोड्या वेळानं दुसरं वाजलं. आईचे हात थांबले.

तिनं उजवं कानाशी धरून हलवलं, मग डावं. पुन्हा उजवं. आवाज अगदी निराळे होते. उजव्याचा बारीक, खणखणीत. डाव्याचा जाड आणि बसका. लहान पोरालाही कळले असते. पण बैल कायम जोडीनं चालायचे, त्यामुळे घरात कुणी ती वेगळी ऐकलीच नव्हती. वेगळी ऐकणारा माणूस एकच होता.

तव्यावरची भाकरी फुगली, मी ती उतरवली.

"त्यांनी वळखलं आसंल काय गं?" तिनं विचारलं. माझ्याकडं न बघता.

"न्हाई," मी म्हणाले.

"आवाज तर केवडा येगळा हाय."

"वळखलं असतं तर बोलले असते की आबा. गप बसले असते व्हय?"

आईनं त्यावर विचार केला. दोन्ही घुंगरं तिच्या मांडीवर होती.

"त्ये बी खरंच," ती शेवटी म्हणाली. "त्यांच्या पोटात कायबी ऱ्हायचं न्हाई."

"कायबी न्हाई," मी म्हणाले, आणि दुसरी भाकरी थापायला घेतली.